जहाजाची सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं? भूमध्य समुद्रातली पाच बंदरं आणि एक उलटा हिशोब

आधी प्रश्न सांगतो. ठाण्याचं एक कुटुंब ऑक्टोबरात बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझवर निघतंय. नवरा-बायको, आणि सोबत सासू-सासरे, वय ६८ आणि ७३. सासऱ्यांचा एक गुडघा कुरकुरतो. मार्ग असा: मार्सेलिस, जिनोआ, लिव्होर्नो, चिव्हितावेक्किया (म्हणजे रोम), नेपल्स, मग एक दिवस नुसता समुद्र आणि परत बार्सिलोना. जहाजावरच्या सहलींचा चौघांचा आकडा बघून सूनबाईंचे डोळे पांढरे झाले. त्यांनी दोन गोष्टी विचारल्यात. आपलं आपण उतरून फिरता येईल का? आणि समजा परत यायला उशीर झाला, जहाज निघून गेलं, तर काय?

फिरता येईल. पण पाचही बंदरांना एकच उत्तर लावू नका. काही ठिकाणी जहाजाची सहल घेणं म्हणजे शुद्ध पैसे पाण्यात घालणं आहे, तर एक-दोन ठिकाणी तेच पैसे रात्रीच्या झोपेची किंमत आहेत. मी नऊ वर्षं जहाजावर याच सहली विकणाऱ्या काउंटरमागे उभा होतो आणि आता पुण्यात बसून लोकांना त्या न घेता कसं फिरायचं ते आखून देतो. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, तेव्हा दोन्हीकडचं सांगतो.

जहाजाच्या सहलीत तुम्ही बसपेक्षा हमी विकत घेता. बस उशिरा आली तर जहाज थांबतं, आणि नाहीच थांबता आलं तर कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवते. स्वतः गेलात तर ही हमी नाही. ठरलेल्या वेळी शिडी उचलली जाते, मग तुम्ही धक्क्यावर हात हलवत धावत आलात तरी. वरच्या डेकवर लोक हे दृश्य बघायला मुद्दाम गर्दी करतात, टाळ्यासुद्धा वाजवतात. मला ते कधी आवडलं नाही.

म्हणून हिशोब उलटा करायचा. ‘सकाळी ७ ते संध्याकाळी ७, बारा तास आहेत’ असं म्हणून सुरुवात केली की फसलात. रोमचंच उदाहरण घ्या. जहाज ७ ला सुटणार असेल तर सगळ्यांनी आत असण्याची वेळ बहुधा ६:३० असते. माझा नियम असा की त्याच्या दीड-दोन तास आधी आपण बंदराच्या गावात परत आलेलो असावं. म्हणजे रोमहून येणारी गाडी पावणेपाचपर्यंत चिव्हितावेक्कियाला लागायला हवी, त्यासाठी रोम साडेतीनच्या आसपास सोडायला हवं. आता सकाळची बाजू बघा. जहाज ७ ला लागलं तरी उतरायला साडेसात होतात. बंदराच्या आतली बस, मग स्थानक, तिकीट, गाडी, असं करत व्हॅटिकनजवळ पाय टेकायला साधारण सव्वानऊ-साडेनऊ. बारा तासांतले सहा तास हातात उरले. हे सहा तास कागदावर लिहा आणि मगच काय बघायचं ते ठरवा.

या हिशोबाला एक चाचणी लावा: ठरवलेली गाडी चुकली आणि तिच्या पुढचीही रद्द झाली, तरी तिसऱ्या गाडीने वेळेत पोहोचता येतं का? येत असेल तर बिनधास्त जा. येत नसेल तर बेत छोटा करा. इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात. इटालियनमध्ये त्याला ‘शोपेरो’ म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा. ते अचानक होत नाहीत, आधी जाहीर झालेले असतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या चालवाव्या लागतात. क्रूझवाल्याला सकाळचा टप्पा उपयोगाचा आणि संध्याकाळचा निरुपयोगी. म्हणजे संपाच्या दिवशी तुम्ही रोमला जाल छान, परत येणं अडकेल. निघण्याआधी आठवडाभर तारखा तपासा आणि संप असेल तर त्या दिवशी मुकाट्याने जहाजाची बस घ्या.

‘जहाजाची बस’ म्हणजे अख्खी गाईडवाली सहल असंच काही नाही. बहुतेक कंपन्यांकडे ‘फक्त नेणं-आणणं’ हा प्रकार असतो: बस रोममध्ये सोडते, ठरल्या वेळी उचलते, मधले तास तुमचे. रेल्वेच्या तिकिटाच्या कित्येक पट महाग, पण पूर्ण सहलीपेक्षा बराच स्वस्त, आणि परत आणण्याची हमी तीच. काउंटरवरची मंडळी तो आपणहून सुचवत नाहीत. मीही सुचवत नसे.

आता जहाज चुकण्याबद्दल. इथे लोक सगळ्या बंदरांना सारखंच घाबरतात, तसं करू नका. नकाशा बघा. लिव्होर्नोला जहाज चुकलं तर दुसऱ्या दिवशी ते चिव्हितावेक्कियाला असणार, आणि तिकडे जाणारी रेल्वे त्याच किनाऱ्याने जाते, साधारण दोन-अडीच तास. रोमच्या दिवशी चुकलं तर दुसऱ्या दिवशी नेपल्स. रोमहून वेगवान गाडीने सव्वा तास. एक रात्र हॉटेलात, चार शिव्या एकमेकांना, आणि सकाळी जहाजाच्या आधी तुम्ही धक्क्यावर हजर. मार्सेलिसहून जिनोआ जरा कटकटीचं, किनाऱ्याने गाड्या बदलत जावं लागतं. पण नेपल्सला चुकलं तर पुढचा दिवस समुद्राचा आणि त्यानंतर थेट बार्सिलोना. म्हणजे ऐनवेळी चार विमान तिकिटं. तेव्हा तुमच्या मार्गावर सगळ्यात जपून राहायचा दिवस नेपल्सचा, रोमचा नव्हे. मार्ग तोच असून बंदरांचा क्रम बदलला की हे सगळं बदलतं. आपला क्रम समोर ठेवून आपणच हा खेळ मांडायचा.

रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं, त्यावर जहाज कंपनीच्या त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. तुम्ही आला नाहीत असं लक्षात आलं की कर्मचारी केबिनमधली तिजोरी उघडून तुमचे पासपोर्ट एजंटकडे सोपवून जातात, ही नेहमीची पद्धत आहे. काही जहाजांवर आपले भारतीय पासपोर्ट पहिल्याच दिवशी जमा करून घेतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खाली उतरताना पासपोर्ट आणि व्हिसाची छायाप्रत, जहाजाचं कार्ड, एक क्रेडिट कार्ड आणि सासऱ्यांची दोन दिवसांची औषधं अंगावरच्या पिशवीत हवीत. तुमची सगळी बंदरं शेंगेनमध्येच (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) आहेत, म्हणून मागे राहिलात तरी व्हिसाचा घोळ नाही. ज्यांच्या मार्गात तुर्कस्तान, मॉन्टेनेग्रो किंवा ट्युनिशिया आहे त्यांनी व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना ते आधी बघावं.

फोनचंही सांगून टाकतो. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि आपला फोन गुपचूप त्याला चिकटतो. त्याचं रोमिंग बिल बघून एका गृहस्थांनी माझ्या काउंटरवर अक्षरशः कपाळ बडवून घेतलं होतं.

पहिलं बंदर मार्सेलिस. क्रूझचा धक्का गावापासून सात-आठ किलोमीटर दूर, कंटेनर आणि गोदामांच्या पलीकडे. चालत जाण्याचा विचारही नको. जहाजाची शटल घ्या किंवा टॅक्सी. शटल कुठे सोडते आणि शेवटची कधी निघते ते मात्र उतरण्याआधी विचारा. जुन्या बंदरावर सकाळी मासळीबाजार भरतो, अगदी आपल्याकडच्यासारखा, ताजी मासळी आणि विकणाऱ्या बायकांचा खणखणीत आवाज. शेजारी नॉर्मन फॉस्टर यांनी उभारलेलं आरशाचं मोठं छत आहे. त्याखाली उभं राहून वर बघितलं की आपण उलटे लटकलेले दिसतो. सासूबाईंना हे चर्चपेक्षा जास्त आवडेल, पैज लावतो. डोंगरावरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चला बंदरावरून ६० नंबरची बस जाते. गुडघ्याला त्रास नाही.

मराठी माणूस मार्सेलिसला उतरला की एक प्रश्न हमखास विचारतो: सावरकरांनी उडी मारली ती जागा कुठे? ८ जुलै १९१० ला ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून ते इथेच समुद्रात उतरले, पोहून किनाऱ्याला लागले आणि पकडले गेले. पुढे ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. गेल्या शंभर वर्षांत बंदर पार बदललंय, त्यामुळे नेमकी जागा शोधण्यात सकाळ घालवू नका. शटल कडेकडेने गावाकडे जाते तेव्हा खिडकीतून पाणी बघा. शहराच्या दक्षिणेला माझार्ग इथे युद्धस्मशान आहे, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला आलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मृती तिथे आहेत. टॅक्सी करून जाता येतं, पण त्या दिवशी मग दुसरं फार काही धरू नका.

जिनोआला जहाजाची सहल घ्याल तर मला वाईट वाटेल. जहाज जुन्या शहराच्या तोंडाशीच लागतं, प्रिंचिपे रेल्वेस्थानक चालत दहा मिनिटांवर. लोक इथून पोर्तोफिनो या किनाऱ्यावरच्या गावाला पळतात. जाता येतं, सांता मार्गेरिता लिगुरेपर्यंत गाडी आणि पुढे बस किंवा बोट. पण ज्येष्ठांना घेऊन मी गावातच राहीन. व्हिया गारिबाल्दीवरचे जुने महाल बघा, मग पोर्तेल्लो चौकातून कास्तेल्लेत्तोची लिफ्ट घ्या. ती थेट टेकडीवर नेते आणि वरून अख्खं शहर, स्लेटच्या छपरांची गर्दी आणि धक्क्याला लागलेलं आपलं जहाज दिसतं. एक पायरी चढायला नको. मग खाली उतरून ‘फारिनाता’ खा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजलेलं. पहिला घास घेतल्यावर माझी आई म्हणाली, “हे तर आपलं धिरडंच, नुसतं मिरची-कोथिंबीर विसरलेत.” शाकाहारींचा जिनोआत उपास पडत नाही. पेस्टोमध्ये (बेझिलच्या हिरव्या चटणीत) मात्र चीज असतं, आणि इटलीच्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) वापरतात. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं.

लिव्होर्नो हे फसवं बंदर. जहाजाच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात ‘फ्लॉरेन्स’ लिहिलेलं असतं. फ्लॉरेन्स आहे कुठे? बंदरात पायी चालायला मनाई, म्हणून शटलने गावात. गावातून बसने स्थानकावर. तिथून गाडीने जवळपास दीड तास. थांबण्याचा वेळ धरून एका बाजूला अडीच तास. तरुण जोडपं असेल तर जा म्हणेन. सासऱ्यांच्या गुडघ्याला घेऊन मी जाणार नाही. तुम्ही पिसा आणि लुक्का करा. पिसा गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. मनोऱ्यासाठी पिसा सान रोस्सोरे हे छोटं स्थानक जास्त जवळ आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, बघून बसा. कललेला मनोरा बघायला, ढकलल्यासारखा फोटो काढायला पैसे लागत नाहीत. वर चढायचं असेल तरच वेळेचं तिकीट, आणि अडीचशेहून जास्त झिजलेल्या, तिरप्या पायऱ्या. सासऱ्यांना खालच्या हिरवळीवर बसू द्या. पिसाहून लुक्का अर्धा तास. लुक्काभोवती तटबंदी आहे, चार किलोमीटरची, वर रुंद सपाट रस्ता आणि दुतर्फा झाडं. तिथे हळूहळू चालणं हाच कार्यक्रम.

तरीही फ्लॉरेन्सच करायचं म्हणणाऱ्यांनी वार बघावा. उफ्फिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. अशाच एका सोमवारी एक कुटुंब काउंटरवर मायकेलँजेलोचा डेव्हिड बघायला निघालं होतं. मी सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, आमची सहल खपवायला हा खोटं बोलतोय. रोमलाही हेच: व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्यातला शेवटचा रविवार सोडून. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असली तर सेंट पीटर्स चर्चमध्ये दुपारपर्यंत आत सोडत नाहीत.

आता रोम. चिव्हितावेक्किया ते रोम सुमारे ८० किलोमीटर. धक्क्यावरून बंदराची बस लार्गो देल्ला पाचे या ठिकाणी आणते, तिथून स्थानकापर्यंत गावची बस किंवा वीस-पंचवीस मिनिटं चालणं. गुडघा बघता बस. प्रादेशिक गाडीचं तिकीट स्वस्त, आरक्षण नसतं. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या, मोबाइलवरचं असेल तर गाडीत चढण्याआधी चेक-इन करा. न केल्यास दंड होतो आणि ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे तिकीट तपासनीस रोज शंभर वेळा ऐकतो.

तुम्ही रोमा सान पिएत्रोला उतरा. तिथून सेंट पीटर्सचा चौक दहा-पंधरा मिनिटं. सुरक्षेची रांग सकाळी बरी असते, आत जायला पैसे नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी उत्तम. संग्रहालयं आणि सिस्टिन चॅपल सोडा. वाईट वाटेल, पण तिथे तीन-चार तास जातात, आणि सहातले चार तिथे घातले तर रोम पाहिलंच नाही. चर्चमधून बाहेर आल्यावर पांढरी, मीटरवाली टॅक्सी करा, चौघं मावतात. पॅन्थिऑन, जवळच नव्होना चौक, मग त्रेव्हीचं कारंजं. दगडी रस्ते उंचसखल आहेत, बुटांचा तळ जाड हवा. रस्त्यात जागोजागी लोखंडी नळ सतत वाहत असतात, ते पाणी पिण्याचं आहे, बाटल्या भरून घ्या. शेवटी टॅक्सीने कोलोसियम बाहेरून, आणि तिथून ओस्तिएन्से स्थानकावरून परतीची गाडी. कोलोसियम आतून बघायचंच असेल तर तिकिटं नावानिशी आणि वेळेची असतात, साधारण महिनाभर आधी विक्री सुरू होते. मग पॅन्थिऑन किंवा त्रेव्ही यातलं एक सोडा.

परतीला तेर्मिनी, म्हणजे रोमचं मुख्य स्थानक, का नको? नोकरी सोडल्यावर आई-बाबांना घेऊन प्रवासी म्हणून गेलो तेव्हा मीच फसलो. तेर्मिनीला गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी पोहोचलो. पाटीवर फलाट २७. चोवीसपर्यंत सगळं एका रांगेत, पुढे भिंत. पुढचे फलाट चोविसाव्याच्या कडेने चालत-चालत पार टोकाला आहेत, चारेकशे मीटर आत. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडीचा मागचा दिवा दिसत होता. आई बॅगेवर बसली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, “जहाजाला थांबायला सांगून ठेवलंयस ना? तुझ्या ओळखीचे असतील.” पुढची गाडी मिळाली, जहाजही मिळालं, कारण मागे दोन गाड्यांची गादी ठेवली होती. तो नियम मी लोकांना शिकवत होतो आणि त्या दिवशी स्वतः वापरला.

नेपल्सला जहाज शहराच्या मधोमध लागतं, समोरच जुना किल्ला. म्हणून लोक निर्धास्त होतात. पॉम्पेईला, ज्वालामुखीने गाडलेल्या रोमन शहराला, आपलं आपण जाता येतं: मेट्रोने किंवा टॅक्सीने गारिबाल्दी, तिथून सोरेंतोकडे जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल. स्थानक ‘पॉम्पेई स्काव्ही’. पॉम्पेई नावाची आणखी स्थानकं आहेत, तिथे उतरू नका. गाडीत गर्दी आणि खिसेकापू, मुंबई लोकलचा सराव असलेल्यांना नवीन काही नाही, बॅग पोटाशी. पण पॉम्पेई ६० हेक्टरांहून मोठं आहे, सावली जवळपास नाही आणि रस्ते रोमन गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या दगडांचे.

तुमच्यासाठी मी एर्कोलानो, म्हणजे हर्क्युलेनियम, सुचवेन. त्याच लोकलने वीसेक मिनिटं, मग उतारावरून दहा मिनिटं चाल. परत येताना चढ आहे, तेवढी टॅक्सी करा. गाव छोटं, दोन-अडीच तासांत नीट बघून होतं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने पॉम्पेईबरोबर हेही गाडलं, पण इथे तापलेल्या राखेच्या जाड थराखाली लाकूड कोळसा होऊन टिकलं. एका घरात लाकडी पार्टिशन उभं आहे, दिवाणखाना आणि अंगण यांच्यामध्ये, कड्यांसकट. काळं ठिक्कर. आपल्या वाड्यातल्या माजघराच्या दारासारखंच. पॉम्पेईत भिंती दिसतात, इथे घर दिसतं. दोन वाजेपर्यंत जहाजाजवळ परत या आणि उरलेला वेळ धक्क्यासमोर पिझ्झा खाण्यात घाला. ‘मारिनारा’ मागा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल; चीज नाही.

काप्री बेट नको. बोट जहाजाच्या शेजारूनच सुटते म्हणून मोह होतो, पण वारा सुटला की परतीच्या फेऱ्या रद्द होतात, आणि नेपल्सनंतर काय आहे ते वर सांगितलंय. जायचंच असेल तर त्या एका दिवशी जहाजाची सहल घ्या, खुशाल.

जहाजावरच्या खानसाम्यांत, वेटरांत गोव्याची, रत्नागिरी-सिंधुदुर्गाची मुलं बहुधा सापडतातच. पहिल्या रात्री ओळख काढा. फुकट वाय-फाय कुठल्या कोपऱ्यात आहे, शटलचे पैसे वाचवणारी गावची बस कुठून सुटते, हे त्यांना पाठ असतं. फक्त त्यांच्याकडे बुफेतलं खाणं बांधून मागू नका. शिजवलेलं अन्न आणि फळं खाली न्यायला परवानगी नसते. घरून आणलेली सीलबंद बिस्किटं आणि चिवडा चालतो.

बार्सिलोनाला निदान एक दिवस आधी पोहोचा, मुंबईहून विमान उशिरा आलं तर जहाज त्यासाठी थांबत नाही. साग्रादा फामिलिया या तिथल्या चर्चचं तिकीट आजच काढा, वेळ ठरवून, ऑनलाइनच मिळतं. आणि जहाजात चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावर दिल्या की त्या केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येत नाहीत, तेव्हा सासऱ्यांचा गुडघ्याचा पट्टा हातातल्या पिशवीत ठेवा.